मधुमेहाच्या कार्डावर हिरडीची नोंद हवी : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत हिरड्यांच्या आजाराचा समावेश करण्याबाबत.

महोदय,

राज्यातील उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील व्यक्तींची उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी जी तपासणी केली जाते, तिच्यात आरोग्य कर्मचारी रुग्णाला तोंड उघडायला सांगून विजेरीच्या उजेडात गाल, जीभ आणि टाळू पाहतो आणि पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडण्यातली अडचण यांची दखल घेतो. त्याच भेटीत त्याच व्यक्तीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजली जाते. या दोन्ही तपासण्यांशी नाते असलेली हिरडी मात्र डोळ्यांसमोर असूनही दुर्लक्षित राहते, कारण तोंडाच्या तपासणीचा सगळा रोख कर्करोगाच्या पूर्वखुणांवर असतो आणि मधुमेहाच्या पाठपुराव्यात डोळे, पाय, मूत्रपिंड यांचा विचार झाला तरी तोंडाचा होत नाही. मधुमेहाच्या रुग्णाची हिरडी तपासणे आणि ती बिघडलेली असल्यास तिच्यावर उपचार करणे हा मधुमेहाच्याच उपचाराचा भाग मानला जावा, एवढेच या पत्राचे प्रतिपादन आहे. त्यासाठी वेगळी योजना उभारण्याची गरज नाही. जी तपासणी आज होते आहे, तिचीच कक्षा थोडी वाढवावी लागेल.

प्रथम आजाराचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या मुळावर सिमेंटम नावाचा पातळ कठीण थर असतो, आणि त्या थरापासून हाडापर्यंत सूक्ष्म तंतूंचे जाळे ताणलेले असते, जे दाताला जागेवर धरून ठेवते आणि चावताना पडणारा भार झेलते. या रचनेवर हिरडीचे आवरण असते, आणि हिरडीची कड व दात यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते, जिची खोली निरोगी तोंडात साधारण १ ते ३ मिलिमीटर भरते. दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट थर पुन्हा साचू लागतो, ज्याला दंतवैद्यकात प्लाक म्हणतात. तो वेळेवर काढला गेला नाही तर लाळेतील खनिजे त्यात उतरून तो कडक होतो आणि त्याचे कीटण बनते, जे ब्रशने निघत नाही. जिवाणूंच्या या थराला शरीर दाहाने उत्तर देते, म्हणजे त्या जागच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, संरक्षक पेशी गोळा होतात, हिरडी लाल होऊन सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. या पहिल्या अवस्थेला जिंजिव्हायटिस म्हणतात आणि ती पूर्णपणे बरी होऊ शकते. दाह खोलवर उतरून तंतू आणि हाड झिजवू लागला म्हणजे त्याचे रूपांतर पेरिओडॉन्टायटिसमध्ये होते. तेव्हा खाच ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल होते, ब्रश तिच्या तळाशी पोहोचत नाही, आणि एकदा झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. लोक ज्याला पायोरिया म्हणतात, तो पू, दुर्गंधी आणि हलणारे दात घेऊन येणारा विकार ही याच अवस्थेची वाढलेली पायरी होय. हा आजार बराच काळ दुखत नाही, आणि म्हणूनच दाढ किडल्यावर दवाखाना गाठणारा माणूस हिरडीतून रक्त येत असतानाही वर्षानुवर्षे घरी राहतो.

कारण आणि परिणाम यांचा हा क्रम प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. नॉर्वेचे दंतवैद्य हॅराल्ड लोए आणि त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांच्या आत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला, आणि दात घासणे पुन्हा सुरू करताच साधारण आठवडाभरात तो ओसरला. त्यानंतर लोए यांनी श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांचे १९७० पासून १५ वर्षे निरीक्षण केले. या मजुरांना दात स्वच्छ करण्याची सवय नव्हती आणि दंतोपचारही मिळत नव्हते, त्यामुळे हस्तक्षेप झाला नाही तर हा आजार कसा वाढतो हे तेथे दिसून आले. अर्थात उपचाराविना केवळ पाहत राहणारा असा अभ्यास आजच्या नीतिनियमांत बसणे कठीण आहे. सर्वांच्या दातांवर थर आणि हिरड्यांना दाह असूनही सुमारे ८ टक्के मजुरांमध्ये हाडाचा आधार वेगाने नष्ट झाला, सुमारे ८१ टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीने कमी झाला आणि सुमारे ११ टक्क्यांमध्ये आजार हिरडीच्या दाहापलीकडे गेलाच नाही. याचा अर्थ असा की अस्वच्छता हे या आजाराचे आवश्यक कारण असले तरी कोणाचे दात लवकर जातील हे शरीराच्या प्रतिसादावरही अवलंबून असते, आणि तो प्रतिसाद बिघडवणाऱ्या घटकांमध्ये तंबाखू आणि मधुमेह हे दोन सर्वांत ठळक आहेत.

मधुमेहाचा हिरडीवरील परिणाम आज निर्विवाद मानला जातो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती प्रथिनांना चिकटून काही टिकाऊ संयुगे बनतात. ही संयुगे ऊतींमध्ये साचून दाह भडकवतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड करतात आणि जखम भरून येण्याची गती कमी करतात. हिरडी ही सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी भरलेली आणि जिवाणूंच्या सततच्या सान्निध्यात राहणारी ऊती असल्यामुळे हा बिघाड तेथे लवकर दिसतो. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा यांच्या पाठोपाठ हिरड्यांचा आजार ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत मानावी, असे लोए यांनी १९९३ मध्ये मांडले. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१७ च्या परिषदेत ठरवलेल्या आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात तर हिरड्यांच्या आजाराची गती ठरवताना एचबीए१सी हा निकष थेट समाविष्ट झाला आहे. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी दाखवणारी रक्तचाचणी. मधुमेहाच्या रुग्णात ती ७ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर त्याचा हिरडीचा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो. दंतवैद्यकाने मधुमेहाचे कार्ड अशा रीतीने वाचायला घेतले आहे, परंतु मधुमेहाच्या दवाखान्याने हिरडीची नोंद अजून वाचायला घेतलेली नाही.

हे नाते उलट दिशेनेही चालते, आणि धोरणाच्या दृष्टीने तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे. तोंडभर पसरलेल्या पेरिओडॉन्टायटिसमध्ये खोल खाचांच्या आतील व्रणयुक्त, दाहग्रस्त पृष्ठभाग एकत्र मोजला तर तो साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो असा एक काळजीपूर्वक केलेला अंदाज आहे; तो तळहाताएवढा असल्याचा प्रचलित दावा अतिशयोक्त असला, तरी एवढी जखम पायावर उघडी असती तर कोणताही डॉक्टर तिच्याकडे दुर्लक्ष करणार नाही. या जागेतून चावताना आणि दात घासतानाही जिवाणू रक्तात शिरू शकतात, आणि दाहाची रसायने रक्तातून यकृत, स्नायू व मेद यांच्यापर्यंत पोहोचून इन्शुलिनचा परिणाम मंदावतात. या अवस्थेला इन्शुलिनरोध म्हणतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात गिला नदीच्या परिसरात राहणाऱ्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे, आणि तेथे मधुमेह असलेल्या ३५ वर्षांवरील ६२८ व्यक्तींच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र हिरडीरोग असलेल्यांमध्ये हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या ३.२ पट आढळला. अशा निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही, कारण ज्याचे दात बिघडतात त्याचे उत्पन्न, आहार आणि औषधे घेण्यातील नियमितपणाही वेगळा असू शकतो; म्हणून निर्णायक प्रश्न असा राहतो की हिरडीवर उपचार केल्यास साखर खाली येते का.

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या चाचण्यांमध्ये रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटाला हिरडीचे उपचार दिले जातात आणि दुसऱ्याला ते नंतर किंवा किमान स्वरूपात दिले जातात. अशा ३५ चाचण्यांतील ३,२४९ रुग्णांची माहिती एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की हिरडीच्या आत खोलवर केलेल्या सफाईनंतर तीन ते चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्के बिंदूंनी आणि सहा महिन्यांनी सरासरी ०.३० टक्के बिंदूंनी कमी आढळते. लंडनमध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सखोल उपचार वर्षभर सुरू ठेवल्यानंतर दोन गटांमधला फरक ०.६ टक्के बिंदूंचा होता. प्रतिकूल पुरावाही येथे सांगितला पाहिजे : अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी कोणताही फरक पडला नाही आणि ती चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. टीकाकारांच्या मते तेथे उपचारानंतरही रुग्णांच्या दातांवर भरपूर थर आणि हिरड्यांत रक्तस्राव शिल्लक होता, म्हणजे दाह पुरेसा हटलाच नव्हता. या मतभेदातून निघणारा व्यावहारिक धडा असा, की एकदाच दात साफ करून रुग्णाला सोडून देण्याचा उपयोग नाही. दाह खरोखर गेला का हे तपासणे आणि ठराविक अंतराने रुग्णाला पुन्हा बोलावणे हा उपचाराचाच भाग आहे.

अर्धा टक्का बिंदू ही घट किरकोळ वाटण्याची शक्यता आहे, परंतु ब्रिटनमधील प्रसिद्ध दीर्घकालीन मधुमेह अभ्यासात एचबीए१सी १ टक्का बिंदूने कमी असणे आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू २१ टक्क्यांनी, तर डोळे व मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी असणे यांचा संबंध आढळला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि शेजारच्या गोव्यात प्रौढांमधील त्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. एवढ्या मोठ्या संख्येला गुणले असता छोटा फायदाही सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात मोठा ठरतो, शिवाय या उपचाराने रुग्णाचे दातही वाचतात, जो लाभ साखर कमी करणाऱ्या कोणत्याही गोळीतून मिळत नाही.

मधुमेहाबाबतचा पुरावा एवढा भक्कम असताना इतर आजारांविषयी मात्र संयमाने बोलणे आवश्यक आहे. हिरडीरोग असलेल्यांमध्ये हृदयविकार अधिक आढळतो, ही बाब फिनलंडमधील १९८९ च्या अभ्यासापासून वारंवार दिसली आहे, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत सखोल उपचारानंतर सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे कार्य सुधारल्याचेही दिसले. तथापि अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१२ मध्ये सर्व पुराव्यांचा आढावा घेऊन असे नमूद केले, की संबंध मान्य असला तरी हिरडीरोगामुळे हृदयविकार होतो किंवा हिरडीच्या उपचाराने तो टळतो, हे सिद्ध झालेले नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे : संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या किंवा कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांत तोंडातील जिवाणू झडपेवर वस्ती करून जीवघेणा संसर्ग घडवू शकतात, आणि तेथे तोंडाचे आरोग्य हा थेट जीवनमरणाचा प्रश्न असतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या अधिक सुजतात, आणि हिरडीरोग व अकाली प्रसूती यांचा संबंध १९९६ पासून चर्चेत आहे. पण अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गरोदरपणात उपचार केल्याने अकाली प्रसूतींचे प्रमाण कमी झाले नाही. त्याच चाचणीने हे उपचार आईला व गर्भाला सुरक्षित असल्याचेही दाखवून दिले, आणि हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण गरोदर बाईने दातांना हात लावू देऊ नये हा समज अजूनही घट्ट आहे. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत हिरडीतील एका जिवाणूवर बेतलेल्या औषधाकडून मोठ्या आशा होत्या, परंतु त्याच्या चाचणीत २०२१ मध्ये अपेक्षित परिणाम दिसला नाही.

या संयमामागे इतिहासाचाही एक इशारा आहे. तोंड हे साऱ्या शरीराला संसर्ग पुरवणारे केंद्र आहे असा सिद्धांत विलोबी डेटन मिलर यांनी १८९१ मध्ये मांडला, आणि ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात केलेल्या व्याख्यानानंतर त्याला एवढे बळ मिळाले, की पुढील काही दशके सांधेदुखीपासून थकव्यापर्यंत अनेक तक्रारींवर उपाय म्हणून हजारो लोकांचे दात उपटण्यात आले. अमेरिकेतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या अधीक्षकाने मानसिक आजार बरा करण्याच्या नावाखाली रुग्णांचे दात आणि पुढे इतर अवयवही काढले, ज्यात अनेकांचे प्राण गेले. अतिरंजित दावे कोसळले तेव्हा त्यांच्याबरोबर तोंड आणि शरीर यांच्या नात्याचा गंभीर विचारही बराच काळ बाजूला पडला. म्हणून शासनाच्या प्रचारसाहित्यात हिरडीचा संबंध प्रत्येक व्याधीशी जोडण्याचा मोह टाळावा आणि जेथे पुरावा पक्का आहे, तेथेच म्हणजे मधुमेहाच्या दवाखान्यात, कामाला सुरुवात करावी.

महाराष्ट्रात या कामाला काही स्थानिक संदर्भ आहेत, जे बाहेरचे आराखडे जसेच्या तसे उचलल्यास निसटून जातील. पहिला संदर्भ मशेरीचा आहे. तंबाखू तव्यावर करपवून केलेली ही पूड ग्रामीण भागात आणि शहरी वस्त्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्याच्या नावाखाली वापरली जाते, आणि त्यामुळे व्यसनाला स्वच्छतेचे रूप मिळते. दंतमंजन आणि टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये देशभर बंदी झाली आणि राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या पुडीपर्यंत या दोन्ही बंद्या पोहोचत नाहीत. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. तंबाखूची गोळी जेथे धरली जाते तेथे हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांत हिरडीतील रक्तस्राव कमी दिसतो, त्यामुळे आतील हाड झिजत असतानाही रक्त येण्याची खूण मिळत नाही. परिणामी केवळ रक्त येते का एवढाच प्रश्न विचारणारी तपासणी ज्यांना सर्वाधिक धोका आहे त्यांनाच निरोगी ठरवू शकते, आणि म्हणून हलणारा दात व मागे सरकलेली हिरडी यांची पाहणी आवश्यक ठरते.

दुसरा संदर्भ औषधांचा आहे. सरकारी दवाखान्यांतून रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी आणि फेफऱ्यासाठी दिले जाणारे फेनिटॉइन ही औषधे काही रुग्णांमध्ये हिरडीची अनावश्यक वाढ घडवतात, ज्यामुळे दात घासणे अवघड होते आणि दाह वाढतो. मधुमेह आणि रक्तदाब एकाच व्यक्तीत वारंवार आढळत असल्याने गोळ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला ही खूण ओळखता येणे महत्त्वाचे आहे. अर्थात औषध बदलण्याचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचा असावा आणि रुग्णाने गोळी स्वतःहून बंद करू नये, हेही त्याच वेळी सांगितले गेले पाहिजे.

तिसरा संदर्भ समजुतींचा आणि खर्चाचा आहे. दात साफ करून घेतले की ते सैल होतात, ही भीती राज्यभर ऐकू येते. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते आणि त्या पोकळीत कीटण भरलेले असते. ते काढल्यावर फट दिसू लागते आणि दाताची खरी स्थिती उघड होते, म्हणून दोष सफाईच्या माथी मारला जातो. रक्त येते म्हणून त्या बाजूला ब्रशच लावायचा नाही, हा दुसरा समज दाह वाढवण्यास कारण होतो. त्यात भर म्हणजे खासगी दवाखान्यातील हिरडीच्या उपचारांचा खर्च रोजंदारीवरच्या कुटुंबाला परवडत नाही, त्यामुळे दात वाचवण्याची वेळ टळून गेल्यावर तो काढून टाकणे हाच गरिबांचा दंतोपचार होऊन बसतो. दाढा गेल्यावर ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, काकडी, गाजर चावता येत नाहीत, आणि ताटात मऊ भात, चहात बुडवलेला पाव किंवा बिस्किटे यांचे प्रमाण वाढते; म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाला आहाराचा जो सल्ला दिला जातो, तो पाळण्याचे साधनच त्याच्याकडून गेलेले असते.

धोरणाच्या पातळीवर या कामाला आधार कमी नाही. असंसर्गजन्य आजारांवरील संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या राजकीय घोषणापत्राने मुखरोगांचे ओझे आणि त्यांची इतर आजारांशी सामाईक असलेली कारणे मान्य केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाने तीव्र हिरडीरोगाचे रुग्ण जगात १०० कोटींहून अधिक असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने मौखिक आरोग्याचे धोरण स्वीकारले. भारतात राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून अस्तित्वात आहे. उणीव आहे ती दोन कार्यक्रमांना एकाच रुग्णाच्या कार्डावर आणण्याची, आणि हे काम राज्याच्या आरोग्य विभागाच्या अधिकारकक्षेत येते. त्या दृष्टीने पुढील बाबींचा विचार व्हावा.

पहिली बाब नोंदीची आहे. मधुमेहाच्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाच्या कार्डावर वर्षातून किमान एकदा हिरडीतून रक्त किंवा पू येणे, हिरडी मागे सरकणे किंवा वाढणे, दात हलणे आणि शिल्लक दातांची संख्या यांची नोंद व्हावी. कर्करोगासाठी तोंड पाहण्याचे प्रशिक्षण समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दिले जातेच. त्याच प्रशिक्षणात या खुणांचा समावेश करता येईल, आणि आशा सेविकांच्या प्रश्नावलीत तोंडाविषयीच्या प्रश्नांना जोडून मशेरी व हलणारे दात यांविषयी प्रश्न विचारता येतील.

दुसरी बाब दोन्ही दिशांनी रुग्ण पाठवण्याची आहे. वरीलपैकी खुणा असलेल्या रुग्णाला ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातील दंत विभागाकडे चिठ्ठी द्यावी, आणि त्यात साखर आटोक्यात नसलेल्यांना प्राधान्य असावे. उलट दंत विभागात तीव्र हिरडीरोग घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची साखर तेथेच मोजली जावी, कारण अनेकांना मधुमेह असल्याचे ठाऊकच नसते आणि हिरडी ही त्याची पहिली खूण असू शकते.

तिसरी बाब उपचाराची आणि मनुष्यबळाची आहे. दंत विभागाच्या कामाचे मोजमाप करताना काढलेल्या दातांइतकेच महत्त्व हिरडीच्या खोल सफाईला आणि तीन महिन्यांनी झालेल्या फेरतपासणीला दिले जावे. दंतवैद्यांची संख्या अपुरी आहे हा आक्षेप रास्त आहे, परंतु सफाईचे बरेचसे काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षित दंत आरोग्यक करू शकतात. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानेच या व्यवसायाला मान्यता दिली होती. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतील आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांना मधुमेहाच्या दवाखान्यांशी जोडणे हा त्याहून लवकर अमलात येणारा मार्ग आहे.

चौथी बाब गर्भवतींची आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रसूतीपूर्व तपासणीत हिरडी पाहणे आणि गरज असल्यास दुसऱ्या तिमाहीत सफाई करून देणे शक्य आहे. अकाली प्रसूती टळेल असे आश्वासन त्यासाठी देऊ नये. आईची हिरडी निरोगी असणे हे कारण पुरेसे आहे.

यावर होणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आधीच कामाने वाकलेल्या कर्मचाऱ्यांवर आणखी एक रकाना लादला जाईल आणि पुढे उपचार न मिळाल्यास ती नोंद निरर्थक ठरेल. हा धोका खरा आहे, आणि म्हणून हे काम एकदम राज्यभर सुरू करू नये. जेथे जिल्हा रुग्णालयात दंत विभाग कार्यरत आहे आणि शासकीय दंत महाविद्यालय जवळ आहे, अशा दोन जिल्ह्यांत, एक प्रामुख्याने शहरी आणि एक प्रामुख्याने ग्रामीण, वर्षभर केवळ मधुमेहाच्या रुग्णांपुरता हा प्रयोग करावा. किती रुग्णांची हिरडी पाहिली, किती जण दंत विभागापर्यंत पोहोचले, किती जणांचे उपचार फेरतपासणीसह पूर्ण झाले आणि त्यांच्या एचबीए१सीमध्ये काय फरक पडला, हे चार आकडे वर्षाअखेरीस जनतेसमोर ठेवावेत. ते अनुकूल आले तर विस्ताराचा खर्च मागताना वित्त विभागापुढे राज्याचा स्वतःचा पुरावा असेल. प्रतिकूल आले, तर साखळी कोठे तुटते हे कळेल आणि पैसा चुकीच्या जागी जाणे टळेल. येत्या अर्थसंकल्पात या दोन जिल्ह्यांसाठी तरतूद करून त्यांची नावे जाहीर करावीत, ही विनंती.

लोकहितार्थ सादर.